दाजींची टाकी

आमचे कोल्हापूरचे दाजी कट्टर सीमावादी. ‘बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा ते कोल्हापुरात देतात आणि पेट्रोल भरायला कर्नाटकातल्या निपाणीला येतात. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याला अजून तारखाच पडताहेत. पंपावरचा निकाल मात्र रोज सकाळी सहाला लागतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये कर्नाटकाने लिटरमागे 7 रुपये कर उतरवला आणि महाराष्ट्र गप्प बसला, तेव्हापासून दाजींना ही चटक लागली. पुढे जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने 5 रुपये कमी केले, जून 2024 मध्ये कर्नाटकाने तीनेक रुपये वाढवले. मधली मजा गेली.

“दाजी, आता फरक किती उरलाय?”

“दोन रुपये का असंनात, वाटंवर पडल्यात काय?”

दहा लिटरला वीस रुपये वाचतात. मोटरसायकलवर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर पडतं, ते तेल सासूबाईंच्या भेटीच्या खात्यावर.

“आणि निपाणी महाराष्ट्रात आली तर?”

दाजी चपापले. “मग धारवाड गाठायला लागंल की ओ!”

पंपावर ते वाकून झिरो बघतात, पाइप झटकून शेवटचा थेंब घेतात. आणि पोरगं सुटे पैसे मोजेपर्यंत त्याच हाताने मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शन घेतात. तिथे झिरो बघत नाहीत. जो शेअर 180 ला ‘महाग’ होता, तो 310 ला ‘चाललाय’ म्हणून घेतलेला. पेट्रोल चढलं तर सरकार चोर, शेअर चढला तर कंपनी भारी!

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर सामान्य गुंतवणूकदारांतले 93 तोट्यात, माणशी सरासरी सुमारे 2 लाख रुपये. मी म्हटलं, “दाजी, दोन रुपयांच्या फरकानं एवढे भरून काढायचे तर एक लाख लिटर पेट्रोल भरायला लागंल.”

“ते त्र्याण्णवांचं. आपण सातातलं.”

परवा आक्काचा फोन आला. महिन्याचे पैसे निम्मेच हातात पडले म्हणे. कारण विचारलं, तर दाजी म्हणाले, “कर्नाटकनं पेट्रोलवर टॅक्स वाढवलाय.”