वीज कोणत्या पट्टीत गाते?

गाणं ऐकायला कान लागतो हे खरंच. पण जालन्यात त्याच्याही आधी न्यूट्रल लागतो. खांबावर न्यूट्रल तुटला, की 230 व्होल्टच्या घरात कधीकधी चारशेच्या घरातले व्होल्ट घुसतात आणि गल्लीतल्या निम्म्या टीव्हींचा निकाल लागतो. म्हणून माझं मत असं, की हाय-फायच्या शौकिनाने स्पीकर ठरवण्याआधी वायरमन ठरवावा. स्पीकर पैसे टाकले की मिळतात. चांगला वायरमन सोयरिकीसारखा चार ठिकाणी चौकशी करून मिळवावा लागतो.

आमच्या वायरमनला मी सगळं नीट समजावलं. मीटरपासून फक्त गाण्याच्या खोलीसाठी वेगळी लाईन, चार स्क्वेअरची तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि शेवटी एकच लांबलचक बोर्ड. त्यावर ओळीने पंधरा अँपियरचे सॉकेट. त्याने कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली आणि विचारलं, "काका, एसी बसवायलेत का?"

"नाही रे. गाणं ऐकायचंय."

"किती वॅटचं हाय गाणं?"

प्रश्न बिनतोड होता. साधारण स्पीकरला एक वॅट दिला, तर एका मीटरवर 85 ते 90 डेसिबल आवाज निघतो. म्हणजे बैठकीच्या खोलीत बसून विलंबित ख्याल ऐकताना स्पीकरकडे जाणारी वीज बहुधा वॅट-दोन वॅटच असते. डोक्यावरचा पंखा त्याच्या कितीतरी पट खातो. दोन वॅटसाठी चार स्क्वेअरची वायर मागणाऱ्या माणसाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात राग नव्हता, काळजी होती.

पण एका बोर्डाचा हट्ट मी सोडला नाही, आणि त्यामागे कारण आहे. अँप्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला, सीडी प्लेअर दुसऱ्या भिंतीवरच्या, अशी मांडणी केली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक राहतो. तेवढ्या फरकाने दोघांना जोडणाऱ्या सिग्नलच्या केबलमधून करंट फिरू लागतो आणि स्पीकर 'हुंऽऽ' करत बसतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, जवळजवळ आणली की भांडण बरंचसं मिटतं. यावर तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला देणारेही भेटतात. हुंकार त्याने जातो, हे कबूल; पण यंत्रात बिघाड झाला, तर ऐकणाराही जाऊ शकतो. अर्थिंगची पिन काढायची नाही, एवढा एक नियम पाळावा.

या हुंकाराला स्वतःची पट्टी आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. स्पीकरमधून बहुधा तिच्या वरच्या सप्तकातला 100 हर्ट्झचा सूर ऐकू येतो. पेटीवर शोधलं, तर हा सूर पांढरी पाचच्या जरासा वर सापडतो. आता गवई काळी एकमध्ये गात असेल, तर घरातला हुंकार त्याच्या तीव्र मध्यमाच्या आसपास पडतो. यमन चालू असेल तर एक वेळ सांभाळून घेता येईल, भीमपलासात मात्र पंचाईत. गवई पांढरी एकचा असेल तर हुंकार पंचमाला चिकटतो, आणि मालकंसात पंचम वर्ज्य! घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जो स्वर टाळला, तो आपला बोर्ड बिनदिक्कत लावतो. न्यू जर्सीतल्या भाच्याची तर आणखी पंचाईत. तिकडे 60 हर्ट्झ, त्याचं दुप्पट 120. हा सूर ना काळी पाचला लागतो, ना पांढरी सातला. दोन्हींच्या बरोबर मधे.

आपला सूर आता बराच स्थिर आहे. नव्वदच्या दशकात मागणी वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी कधी साडेअठ्ठेचाळीसपर्यंतही उतरायची. ज्या तबकडीची मोटार थेट विजेच्या तालावर फिरते, तिच्यावरचं गाणं अशा वेळी जवळजवळ पाव स्वराने उतरतं. म्हणजे उन्हाळ्याच्या संध्याकाळी राज्यभर मोटारी आणि कूलर लागले, की नामवंत गायिकेची तपश्चर्याही खाली यायची. पुढे शिस्त आली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली, दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एक झालं आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच सूर लागला. आपल्या देशात इतक्या जणांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं मला तरी आठवत नाही.

व्होल्टेजवर मात्र असं एकमत नाही. म्हणून स्टॅबिलायझर आला. त्यातला रिले व्होल्टेज सावरताना 'टक्‌' करतो, आणि तो टक्‌ समेच्या अलीकडे किंवा पलीकडेच पडतो, समेवर कधीच नाही. लोडशेडिंगच्या काळात घेतलेला स्वस्तातला इन्व्हर्टर त्याहून वरचढ. त्याची वीज गोलाईची नसून चौकोनी असते. ती लागली की पंखा गुरगुरतो आणि अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर त्याला साथ देतो. घ्यायचाच तर साइन वेव्हचा घ्यावा. पंख्याचा रेग्युलेटरही तपासावा. काही जातींचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाईनमध्ये अशी खरखर सोडतात, की हजारो रुपयांचा फिल्टर घेण्याआधी पंखा बंद करून बघणं फुकटात पडतं. जालन्याच्या मे महिन्यात हा प्रयोग फार वेळ चालत नाही, एवढंच.

रात्री वीज स्वच्छ असते, गाणं रात्री ऐकावं, असं जगभरचे शौकीन सांगतात. त्यांच्या गावात सळया बनत नसाव्यात. आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शनच्या भट्ट्या आहेत, आणि उद्योगांना रात्रीच्या विजेत वर्षानुवर्षे सवलत मिळत होती. गाव झोपलं की भट्ट्या रंगात येतात. त्यांच्या लाइनी वेगळ्या, हे मान्य. पण वर जाऊन सगळ्या तारा एकाच ठिकाणी भेटतात.

यावर जपानमधल्या काही शौकिनांनी जालीम उपाय काढलाय. ते घरापुढे स्वतःचा खांब रोवून घेतात आणि त्यावर फक्त आपल्यापुरता ट्रान्सफॉर्मर बसवतात. इकडे ही बातमी मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण कृषिपंपांसाठी उच्चदाब प्रणाली आली, तेव्हा एका-दोन शेतकऱ्यांत मिळून एक डीपी आपल्याकडेही दिली गेली. म्हणजे हिशेबाने जिल्ह्यातली सर्वात निर्मळ वीज बदनापूर-अंबडकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत असणार. तिथे स्पीकर मांडायला माझी तयारी आहे. अडचण पाळीची. या आठवड्यात लाईट दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, आणि जेव्हा असते तेव्हा मोटार चालू.

तेव्हा डीपी गल्लीची, सूर देशाचा, भट्टी एमआयडीसीची. निव्वळ आपलं म्हणावं असं या सगळ्यात एकच असतं, ते म्हणजे अंगणातला अर्थिंगचा खड्डा. तो खोल घ्यावा, प्लेट तांब्याची टाकावी, कोळसा आणि मीठ थरावर थर भरावं, आणि जोड घट्ट आवळून घ्यावेत. एवढ्यावर केलेला खर्च कुठल्याही महागड्या केबलपेक्षा जास्त ऐकू येतो. मात्र खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. जालन्यात उन्हाळी पाणी म्हणजे टँकरचं पाणी. ते मोकळ्या मातीत ओतणाऱ्याकडे लोक थांबून बघतात.

त्यातून हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाणे कंपनी इथेच काढली. इथे कुणी मातीला पाणी घालताना दिसला, की वाण विचारलाच जातो. परवा शेजारच्या अण्णांनी कंपाउंडवरून मान काढून विचारलं, "काय लावलंय?"

"मालकंस."

अण्णांनी मातीकडे निरखून पाहिलं. "येतंय का?"

"लाईट टिकली तर येतो," मी म्हटलं.

"मग ते सगळ्याच पिकाचं हाय," म्हणत अण्णा आपली मोटार चालू करायला गेले.