चादरीखालचे पाहुणे

सोलापूरच्या नवी पेठेतून नवा फोन आणला. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे न मागता इतकी अ‍ॅप मिळावीत, याबद्दल कंपनीचे जाहीर आभार. तीन पत्त्यांचे खेळ, दोन ब्राउझर, एक कंपनीचं स्वतःचं दुकान आणि एक कर्ज देणारं, तेही मी मागायच्या आत.

ही मंडळी 'सिस्टिम' नावाच्या आतल्या खोलीत राहतात. मालकाने तिथे डोकवावं, हात लावू नये. फारच जाच झाला तर त्यांना 'डिसेबल' करता येतं. म्हणजे ती झोपतात, खाट सोडत नाहीत.

आपल्या कारखानदारांनी यातून शिकावं. सोलापुरी चादर उलगडावी, तर आत चार अनोळखी माणसं आधीच आडवी. हाकलायची सोय नाही. घोरणं तेवढं बंद होईल, सेटिंगमध्ये जा.

या अतिथिधर्मात स्पर्धा आयोगाने उगाच नाक खुपसलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, वर तुमची आधीच भरलेली अ‍ॅप लोकांना काढू द्या म्हणाला. काय हा उद्धटपणा!

अखेर शेजारच्या पोराने बूटलोडर उघडून फोन रूट केला, म्हणजे आतल्या खोलीची किल्ली मिळवली. वॉरंटी गेली. पत्ते गेले, दुकान गेलं, कर्जवालंही गेलं.

रात्री निवांत चादर ओढून बँकेचं अ‍ॅप उघडलं. ते म्हणालं, हा फोन असुरक्षित आहे, इथे व्यवहार होणार नाहीत.

कर्जवालं होतं तोवर सुरक्षित होता.