मुरण्यास सक्त मनाई आहे

पावसाळ्यातल्या जादा पाण्यास,
मुक्काम : मिलन सबवे (जून ते सप्टेंबर), एरवी अरबी समुद्र.

स. न. वि. वि.

मी पार्ले पूर्वेच्या एका पुनर्विकसित गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव. मानद म्हणजे बोलणी मिळतात, पैसे मिळत नाहीत. गेल्या सर्वसाधारण सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ठराव मांडला, की पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी जमिनीखाली साठवावं आणि उन्हाळ्यात वापरावं. चहा येईपर्यंत चर्चा झाली. बटाटेवडे आले तेव्हा ठरलं, की या बाबतीत आधी आपल्याशीच पत्रव्यवहार करावा. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की बंद पाकीट आपल्या हातात टिकत नाही. २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या लोकांची सगळी कपाटं आपण न विचारता उघडून वाचलीत.

प्रथम आपल्या वागणुकीबद्दल. आपल्याला वेळेचं भान नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत आपली वर्षाची हजेरी दोन मीटरच्या वर लागते, पण ती जवळजवळ सगळी चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला तर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर! पार्ल्यात लग्नाला जायचं तरी लोक आधी फोन करतात.

काका निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे ते आकडे घेऊनच आले होते. आमची गच्ची ५०० चौरस मीटर. दोन मीटर पावसाने तिच्यावर दहा लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. २६ जुलैच्या त्या एका दिवसात सत्तेचाळीस टँकर नुसते गच्चीवर येऊन गेले, आणि आम्ही खाली बादल्यांनी ते बाहेर फेकत होतो. काकांचं पुढचं गणित आणखी वाईट. माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ नुसतं फ्लशला. चाळीस घरं, एकशेसाठ माणसं, म्हणजे रोजचे ७,२०० लिटर. दहा लाख लिटर त्याला साडेचार महिने पुरले असते. "निम्मं गळालं, सांडलं, तरी एप्रिल-मे निघतो," काका म्हणाले.

सभा गंभीर झाली. मग कुणीतरी विचारलं, फ्लशला वेगळी पाइपलाइन टाकायची म्हणजे बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागतील का? लागतील, असं उत्तर आलं. टाइल्स इटालियन आहेत. विषय पुढच्या सभेवर गेला.

गैरसमज नको म्हणून सांगतो, आमच्या आवारात आपल्यासाठी खड्डा आहे. असा खड्डा असावा हा नियम २००२ पासूनचा आहे. तेव्हा हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला होता, २००७ मध्ये तो तीनशेवर आणला. त्यामुळे ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळायचं तर नकाशात आपली सोय दाखवावी लागते. बिल्डरने दाखवली. खड्डा खणला, वाळू-खडी भरली, झाकण बसवलं, फोटो काढला. त्यानंतर तिथे एक मोटार उभी राहिली, ती आजतागायत. झाकण उघडायचं तर मोटार हलवायला हवी, आणि मोटारीचा मालक अमेरिकेत मुलाकडे. गच्चीवरचे पाइप मात्र खड्ड्यापर्यंत आलेले नाहीत. ते थेट गटारात सोडले आहेत, कारण प्लंबरच्या मते पाण्याला "जायला जागा पाहिजे". थोडक्यात, आपण त्या खड्ड्यात जाऊन आमचा अपमान करू नये. तो आपल्यासाठी नाही, महापालिकेसाठी खणला आहे.

जमिनीत शिरायला एरवीही वाट ठेवलेली नाही. पूर्वी बंगल्यांना आवार होतं, आवाराला विहीर होती, आंब्याच्या बुंध्याशी माती होती. आता कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार पार्ल्यात आता फक्त हिशेबाच्या वह्यांबद्दल वापरतात.

जमिनीखालीही आम्ही जागा शिल्लक ठेवलेली नाही. डोक्यावरून विमानं जातात. त्यांच्या वाटेखालच्या फनेल झोनमुळे, म्हणजे उंचीच्या मर्यादेमुळे, पार्ल्याला वर वाढता येत नाही, म्हणून ते खाली वाढतं. आमचं बेसमेंट दोन मजली आहे, पझल पार्किंगसह. आणि इथे माझी आपल्याविरुद्धची मुख्य तक्रार येते. मनाई असूनही आपण भिंतीतून पाझरता. पावसाळ्यात तर पाझरताच, पण ऑक्टोबरात, डिसेंबरातही. त्यासाठी सम्पमध्ये पंप बसवला आहे. पाणी चढलं की तो आपोआप सुरू होतो आणि आपल्याला मागच्या गल्लीतल्या गटारात सोडतो. त्याच वेळी पुढच्या फाटकातून बऱ्याचदा टँकर आत येत असतो. एकदा वॉचमनने विचारलं, "साहेब, पाइप इथून तिथे जोडला तर?" त्याला सांगितलं, तो तांत्रिक विषय आहे.

टँकरचं पाणी कुठून येतं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये कळलं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीवरून टँकरवाल्यांनी संप केला, आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा लावेपर्यंत मजल गेली. भूजल! म्हणजे कुठल्यातरी विहिरीत, बोअरिंगमध्ये मुरलेले आपणच. फुकट आलात तर आम्ही बाहेर काढतो आणि चाकांवर बसून बिल घेऊन आलात की हातात चेकबुक घेऊन फाटकाशी उभे राहतो. स्वभावाला औषध नाही.

महापालिकेने मात्र आपला मान ठेवला हे मान्य करा. हिंदमाताला जमिनीखाली टाक्या झाल्या, आणि इकडे मिलन सबवेजवळच्या मैदानाखाली कोट्यवधी लिटरची टाकी बांधली. भर पावसात आपल्याला तिथे बसवून ठेवतात. काका ते बघून आले आणि हर्षभरित झाले. "बघा, जमतंय की! जमिनीखाली पाणी साठवता येतं." मग त्यांना पुढचा भाग कळला. पाऊस ओसरला की टाकी उपसून सगळं समुद्राच्या वाटेला लावायचं. टाकी साठवायला नाहीच, थांबवायला आहे. पाहुण्याला ओटीवर बसवावं आणि गाडीची वेळ झाली की उठवावं, तसं. घाई असेल तर इर्ल्याच्या उदंचन केंद्रात दणदणीत पंप आहेत, एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर फेकतो. सहा हजार लिटर म्हणजे आमचं एका दिवसाचं जवळजवळ सगळं फ्लश, एका सेकंदात जुहूच्या पलीकडे.

आपली बहीण तापी हिचं नशीब निराळं. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये दोन राज्यांनी करार केला, की तिचं पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी मुरवायचं. सुमारे ३१ टीएमसी. तिथे डोंगरातून आलेल्या वाळू-गोट्यांचा जाड थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यातून उपसलं, आता भरायचा विचार आहे. योजना कागदावर आहे, कागद ओला कधी होतो बघू. पण निदान तिला 'आत ये' म्हणणारं कुणी भेटलं.

आमच्या चेअरमननी लगेच मुद्दा काढला, की आपल्याकडे बझाडा कुठे आहे? खरं आहे. पार्ल्याखाली काळा पाषाण. शेजारी अंधेरीत गिल्बर्ट हिल उभी आहे, ती बघितली की कळतं या दगडाच्या पोटात किती मावेल. वरचा मुरूम आणि मधल्या भेगा, तेवढीच जागा. जुहूकडे जास्त उपसलं तर खारं पाणी आत येतं. एवढी वर्षं सभांमध्ये बसून मी शिकलो ते हे, की काही न करण्यासाठी भूशास्त्रासारखा आधार नाही. काका खवळले. म्हणाले, दगडात मावत नाही तर टाकी बांधा. मोटारींसाठी दोन मजले खणता, पाण्यासाठी अर्धा खणा. चेअरमननी शांतपणे विचारलं, मग तुमची गाडी कुठे लावणार?

काकांनी मग शेवटचं अस्त्र काढलं. १८६० पासून, विहार तलाव झाल्यापासून, मुंबई दुसरीकडचं पाणी पिते. तानसा, भातसा, वैतरणा, शंभर किलोमीटरवरून. ज्या शहापूर तालुक्यातून ते येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. आणि ते शुद्ध केलेलं पाणी आम्ही इथे संडासात ओततो. सभेत कुणी काही बोललं नाही. एका वहिनींनी पाण्यावर व्याख्यान ठेवण्याची सूचना केली. ती एकमताने मंजूर झाली. पार्ल्यात व्याख्यानाला कधीही टंचाई नसते.

तरी संस्थेच्या वतीने आपणांस कळविण्यात येते की, यंदा आपण नेहमीच्या मार्गाने, म्हणजे गच्ची, पाइप, गटार, इर्ला, समुद्र असं यावं-जावं. आवारात रेंगाळू नये. मे महिन्यात यायचं असल्यास टँकरने यावं, फाटकाशी पावती दाखवावी.

आपला नम्र,
मानद सचिव

ता. क. : पत्र टाइप करत असताना खाली बेसमेंटचा पंप सुरू झाला आहे. आज तारीख ११ फेब्रुवारी. आपण आत शिरलात कुठून, ते कळवावं.