नारळ, मुलगी आणि चौसष्ट जीबी

‘आमची काही अपेक्षा नाही हो, मुलगी आणि नारळ द्या,’ म्हणणारा वरपक्ष याद्यांच्या बैठकीत खरा कळतो. संगणकाच्या जगात या यादीला ‘किमान आवश्यकता’ म्हणतात.

१९९५ साली विंडोज ९५ सांगून आलं, तेव्हा स्थळ अगदी साधं होतं. ३८६चा प्रोसेसर, ४ एमबी रॅम, डिस्कवर पन्नास-पंचावन्न एमबी जागा. फ्लॉपीवरून लग्न लावायचं तर तेरा फ्लॉप्यांच्या अक्षता. मात्र ४ एमबीत संसार मांडणाऱ्यांना स्टार्ट बटण दाबून चहा टाकता यायचा. किमान म्हणजे मांडवात उभं राहण्यापुरतं. टेकायला खुर्ची हवी तर शेजारचा ‘शिफारस’ हा रकाना वाचावा. तिथे ८ एमबी लिहिलेलं असे.

एक्सपीने ६४ एमबी रॅम आणि दीड जीबी जागा मागितली. मुलगा गुणी, त्यामुळे कोणी कुरकुरलं नाही. व्हिस्टा आलं ते ५१२ एमबी आणि १५ जीबी मागत. दुकानातल्या यंत्रांवर आधीच ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे स्टिकर, म्हणजे मुलगी विवाहयोग्य. प्रत्यक्षात त्यातल्या काहींना फक्त बेसिक आवृत्तीच झेपायची. जाहिरातीतली काचेरी झळाळी नाहीच. अमेरिकेत हे मानपान २००७मध्ये थेट कोर्टात गेलं.

२०२१च्या विंडोज ११ला ४ जीबी रॅम हवी. २६ वर्षांत जावयाची भूक बरोबर १,०२४ पट! जागा ६४ जीबी, म्हणजे फ्लॉप्या मोजायच्या तर पंचेचाळीस हजार. त्यातही काटा मारलेला: डिस्क विकणारा जीबी हजाराच्या हिशेबाने मोजतो, विंडोज १,०२४च्या, त्यामुळे ६४ची डिस्क घरी येऊन ५९ भरते. शिवाय नव्या आवृत्तीवर गेलात की जुनीचा सगळा संसार ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या माळ्यावर पडून राहतो. किती दिवस? दहा. सुतक फिटलं की आपोआप विसर्जन.

एवढं देऊनही पत्रिका जुळायला हवीच. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप नसेल तर मंगळ. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर १६ जीबी रॅमची धडधाकट मुलगीही अधिकृत यादीत नापास. तिचं आधीचं स्थळ विंडोज १०, पण त्याची फुकट देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. आता तिने करावं काय?

लिनक्सकडची मंडळी दारात उभीच असतात. हुंडा नाही, मानपान नाही, पत्रिका बघत नाहीत, जुन्या यंत्रालाही आनंदाने हो म्हणतात. जावई खरंच सोन्यासारखा. फक्त घरातला प्रिंटर त्याला दाखवायचा नाही, नाहीतर रात्रभर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करत बसतो आणि जेवायला उठत नाही.