खिशातलं वाचनालय

आमच्या शाळेतले एक गुरुजी केंद्रातल्या कुठल्याही शिक्षण परिषदेत लांबून ओळखू येतात. शर्टाचा खिसा टम्म फुगलेला, आणि त्यात पैसे नाहीत. बिस्किटपुड्याचं वेष्टन, एसटीचं तिकीट, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी आणि एक तरी लग्नपत्रिका. लोक लग्नात जेवून येतात, हे पत्रिका घेऊन वर्गात येतात. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न'. चार जोडाक्षरं एका ओळीत, तीही फुकट!

मी शेजारच्या वर्गावर होतो, म्हणून सांगतो. पाठ्यपुस्तकाशी त्यांचं भांडण नव्हतं. फक्त आमच्या कोरडवाहू गावात कमळ कुणी पाहिलेलं नव्हतं (भिंतीवर रंगवलेलं सोडून), म्हणून त्यांचा 'क' कणसाचा. ज्या पोराला अक्षर लागायचं नाही, त्याच्याकडून आधी त्याच्या शेळीचं नाव वदवून घ्यायचे, मग तेच फळ्यावर लिहायचे. शेळीचं नाव कोण विसरतो?

पोरं वाचायला लागली आणि गाव अडचणीत आलं. तिसरीतल्या एका मुलीनं किराणा दुकानात पुडा उलटा करून तारीख वाचली, "काका, हा तर मार्चमध्येच संपलाय." दुसऱ्या एकानं सोसायटीची थकबाकीची नोटीस पारावर उभं राहून खड्या आवाजात वाचली, रक्कम आकड्यांत, मग अक्षरी, आणि शेवटी 'मात्र'सुद्धा. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "गुरुजी, याला थोडं कमी शिकवता येईल का?"

खरी पंचाईत हेडसरांची. शाळेतल्या पुस्तकांना कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हेडसरांच्या जानव्याला. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, कपाट उघडायचं, फोटो निघायचा, 16 तारखेला पुस्तकं पुन्हा आत. कोरी करकरीत. गुरुजींनी गोड बोलून 'किशोर'चे जुने अंक बाहेर काढले आणि खिडकीत दोरी बांधून त्यावर वाळत घातले. महिन्याभरात दोन अंकांची मुखपृष्ठं गेली, एकावर खिचडीची हळद लागली.

"डेडस्टॉकच्या वहीत काय दाखवू?" हेडसर.

"दाखवा, वाचून फाटले."

"असा रकाना नाहीये हो!"

लेखनासाठी रोजनिशी. रोज एकच ओळ, पण स्वतः पाहिलेली. 'मी लवकर उठलो' चालायचं नाही. त्यावर गुरुजी लाल पेनानं विचारायचे, 'उठल्यावर पहिलं काय दिसलं?' माझ्या वर्गात तेव्हा 'माझी आई' हा निबंध चालू होता आणि सत्तावीस वह्यांत एकच आई होती. त्यांच्या वर्गात मात्र कुणाची आई विहिरीवर घसरून पडत होती, कुणाची टीव्हीला शिव्या देत होती.

मग केंद्रप्रमुखांची भेट. त्यांनी गठ्ठ्यातली नेमकी एक वही ओढली आणि मोठ्यानं वाचलं, "काल जेवणानंतर गुरुजी खुर्चित झोपले. तोंड उघडं होतं. त्यात माशी जाणार होती पण गेली नाही."

हेडसर छताकडे पाहू लागले. केंद्रप्रमुखांनी वही गुरुजींपुढे धरली. "काय हे?"

गुरुजींनी खिशातल्या चिठ्ठ्या बाजूला सारून चष्मा शोधला, ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "'खुर्चीत'ची वेलांटी चुकलीय साहेब. बाकी बरोबर आहे."