पुढून कवी, मागून वकील

आमच्या घरात खाण्याची पाकिटं दोन बाजूंनी वाचली जातात. नवरा पुढून वाचतो, मी मागून. तो वाचून आणतो आणि मी वाचून आणलेलं बघते, त्यामुळे वाद नेहमी वस्तू घरात आल्यावर होतो आणि तोवर त्याने पाकीट फोडलेलं असतं.

माझं मागून वाचणं हा स्वभाव नाही, व्यवसाय आहे. सारी उमेद पुण्यातल्या पेठांमधल्या छापखान्यांची प्रुफं तपासण्यात गेली. समोर छापील अक्षर आलं की ते वाचल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगते. सगळ्यात मोठी चूक सगळ्यात मोठ्या टाइपात असते. आतल्या मजकुरातली वेलांटी पहिली की दुसरी यावर आम्ही डोळे फोडतो आणि पुस्तक छापून आलं की कळतं, मुखपृष्ठावर लेखकाचं आडनावच चुकलंय. एवढं ठळक अक्षर कोण तपासणार, असं प्रत्येकाला वाटलेलं असतं. खाण्याच्या पाकिटांना हा नियम इतका चपखल लागू पडतो की मी तो आता फ्रिजवर लिहून लावायच्या बेतात आहे.

परवा नवऱ्याने नाचणीची बिस्किटं आणली. पुढच्या बाजूला शेत, शेतावर सूर्य, सूर्याकडे बघणारी नऊवारीतली बाई, तिच्या सुपात नाचणी. एवढ्या नाचणीत एक वाडी जेवली असती. मी पाकीट उलटं केलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा कायदा आहे, त्यामुळे ही यादी लग्नपत्रिकेतल्या नावांसारखी मानाने लागते. सर्वात वर मैदा, यजमान. मग साखर, मग पाम तेल. नाचणी शोधायला मला चष्मा पुसावा लागला. ती अगदी तळाशी होती, जिथे ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं छापतात, तिथे. शिवाय ज्याचा पुढे गाजावाजा केलाय त्याचं प्रमाणही छापावं लागतं, म्हणून कंसात बिचारीची एक आकडी टक्केवारी. सुपातली बाकी नाचणी त्या बाईने बहुधा घरी नेली.

साखरेची युक्ती तर दाद देण्यासारखी. ती एकाच नावाने आली तर कधीकधी पहिला मान तिलाच द्यावा लागेल. म्हणून ती साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशा वेगवेगळ्या आडनावांनी येते आणि यादीत पांगून बसते. एका घरची माणसं आहेत हे पाहुण्यांना कळत नाही.

मागची बाजू सगळीच काळीकुट्ट असते असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरवड्याला कोणीतरी ‘पाकिटावरचे हे आकडे म्हणजे विष!’ असा निरोप टाकतं. त्या आकड्यांतला ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक सोयाबीनमधून येतं. ५००च्या घरात आपला खाण्याचा सोडा राहतो. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा ‘तुम्हाला कंपनीकडून काही मिळतं का?’ असं विचारण्यात आलं. मला तर छापखान्याकडूनही फारसं कधी मिळालं नाही.

पुढची बाजू कवी लिहितो आणि मागची वकील, असं माझं मत होत चाललं आहे. दोघांची ओळख नसावी. कवी लिहितो ‘डोंगरकुशीतली ताजी फळं’, वकील लिहितो ‘पाणी, फळरसाचा अर्क’. या दोघांचं भांडण २०२४च्या जूनमध्ये चव्हाट्यावर आलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा केलेल्या पेयावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापायचं नाही. त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं होतं की बोर्नव्हिटा आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका. कारण काय, तर अन्नाच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही चीजच नाही! आमच्या अख्ख्या पिढीला आईने नाक दाबून दुधातून जे पाजलं, ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं. पहिला नंबर का आला नाही, हे कोडं अनेकांचं उशिरा का होईना सुटलं असेल.

वकिलाने लिहिलेली माझी सगळ्यात आवडती ओळ २०१८च्या नियमांतली आहे. नॅचरल, फ्रेश, प्युअर, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक, रिअल असलं विशेषण ब्रँडच्या नावातच असेल आणि त्याने गिऱ्हाईक फसण्यासारखं असेल, तर पाकिटावर एक खुलासा छापावा लागतो. मतलब असा, की हे निव्वळ ब्रँडचं नाव आहे, आतल्या मालाच्या खऱ्या स्वरूपाशी त्याचा संबंध नाही. अक्षराची उंची किमान ३ मिलिमीटर. प्रूफ वाचणाऱ्या बाईला याहून मोठा आनंद काय? वर तळहाताएवढं विशेषण आणि खाली मुंगीएवढं शुद्धिपत्र, एकाच पानावर. ही सोय माणसांसाठीही हवी होती. शांता नावाची बाई नळावर तोंड उघडायच्या आत कपाळावरची ३ मिलिमीटरची ओळ वाचून समोरचा सावध झाला असता.

काही ठिकाणी कवी खोटंही बोलत नाही, नुसतं खरं बोलून फसवतो. तेलाच्या पिशवीवर लाल हृदय आणि ‘कोलेस्टेरॉल नाही!’ सूर्यफुलाच्या, शेंगदाण्याच्या, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. या हिशेबाने उद्या केळ्यांच्या घडावर ‘हाडे काढलेली’ असं छापतील आणि आमच्याकडे ती केळी दहा रुपये जास्त देऊन येतील.

पण माझा खरा जीव जडलाय तो पाठीमागच्या पोषणमूल्यांच्या चौकटीत राहणाऱ्या माणसावर. तिथले टक्के काढण्यासाठी एक माणूस धरलेला असतो. तो दिवसाला २००० कॅलरी खातो. वरून घातलेली साखर जास्तीत जास्त ५० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट फोडल्यावर तो ३० ग्रॅम वेफर्स मोजून घेतो, पाकिटाचं तोंड दुमडतो, रबर लावतो आणि उठून कामाला जातो. कारण ‘एक वाढप’ एवढंच असतं आणि खालचे सगळे सभ्य टक्के त्या एका वाढपाचे. पाकिटात अशी तीन-चार वाढपं. मी आजवर लग्नं पाहिली, श्राद्धं पाहिली, क्रिकेटचे अंतिम सामने पाहिले. असा माणूस पाहिला नाही. आमच्याकडे एक वाढप म्हणजे एक पाकीट, आणि पाकीट मोठं असेल तर तेही एकच वाढप. नवऱ्याला मी या गृहस्थाचं उदाहरण देते तेव्हा तो म्हणतो, ‘त्याला बायको वाचून दाखवत असेल.’

त्या पाकिटातली हवा हीसुद्धा हवा नसते. तो नायट्रोजन. त्याने वेफर्स कुरकुरीत राहतात, खवट होत नाहीत, प्रवासात चुरा होत नाही. हे सगळं खरं आहे. फुगलेलं पाकीट मोठं दिसतं, हा त्यातला नकळत झालेला फायदा.

आणि वजन! पाच रुपयांचं पाकीट हे आपल्या देशात देवस्थान आहे. त्याच्या किमतीला हात लावायचं धाडस कोणी करत नाही, कारण सुट्ट्या नाण्यावर टपरीचा सगळा व्यवहार उभा असतो. मग महागाई वाढली की किंमत जागच्या जागी राहते आणि आतलं बिस्किट रोडावतं. गिऱ्हाईक वजन वाचत नाही, पुढचं चित्र बघतं आणि चित्र तर तेच असतं. पूर्वी बिस्किटं, चहा अशा वस्तू ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं. २०२२मध्ये ते उठलं आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंमत पडते किती, तेही छापा असं ठरलं. ते छापतातही. मी वाचते. माझ्या माहितीत वाचणारी मी एकटी.

चित्र बदलायचं नाही, हे शहाणपण पार्लेवाल्यांकडून शिकावं. पिवळ्या पट्ट्यांच्या कागदावरची ती मुलगी १९६०च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेच्या मगनलाल दहिया यांनी काढली. निव्वळ चित्र. पण लोकांना ते पटत नाही. ती नागपूरची आहे आणि आता अमुक वर्षांची झाली, असं फोटोनिशी सांगणारे भेटतात. कंपनीने ते चित्र आहे म्हणून सांगितलं तरी नागपूर हटायला तयार नाही. विलेपार्ल्याचा कारखाना २०१६मध्ये बंद झाला, मुलगी मात्र आहे तेवढीच आहे.

आमच्या सासूबाई मूळच्या म्हापशाच्या. त्या पाकीट कुठूनच वाचत नाहीत. नाकाने ओळखतात. खोबरेल तेलाची बाटली त्यांच्या ताब्यात असते. त्यातलं थोडं कढईत जातं, थोडं डोक्याला. आता हे तेल खायचं की केसांना लावायचं यावर सरकार आणि कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात होत्या, कारण खायच्या तेलापेक्षा केसांच्या तेलावर कर बराच जास्त होता. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शुद्ध खोबरेल बाटली छोटी आहे एवढ्यावरून केसांचं ठरत नाही, ते खाद्यतेल धरता येईल. मी पेपरातून वाचून दाखवलं. सासूबाई माशाचा तुकडा परतत म्हणाल्या, ‘मला विचारलं असतं तर एका दुपारात सांगितलं असतं गो.’

हे सगळं माझ्या तोंडून सतत ऐकत असल्यामुळेच की काय, नणंदेने एक काम माझ्यावर सोपवलं. वन्सं सोलापूरला दिलेल्या. तिथे त्यांनी शेंगाचटणीचा घरगुती व्यवसाय काढला. चटणी खरोखर फार सुरेख. वर्षाची उलाढाल मर्यादेच्या आत, म्हणून प्राधिकरणाची साधी नोंदणी झाली, चौदा आकडी क्रमांक आला. फोन आला, ‘वहिनी, पाकिटावरचा मजकूर तुम्हीच लिहा. तुम्हाला त्यातलं सगळं कळतं.’

मागची बाजू मी अर्ध्या तासात लिहिली. शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, जिरं. उतरत्या क्रमाने, एकही आकडा नाही. वकील म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग पुढची बाजू घेतली आणि बसले. ‘शेंगदाण्याची चटणी’ एवढंच लिहिलं तर कोण घेणार? ‘सोलापुरी’ घातलं. ते खरंच होतं. ‘उखळात कुटलेली’ लिहिणार, तर वन्सं म्हणाल्या उखळ आता फोटोपुरतं, कुटायचं मशीन घेतलंय. मग ‘कुटून केलेली’ लिहिलं. कुटतं मशीनच, पण कुटतं. ‘आजीच्या हातची’ लिहायचा मोह दोन दिवस आवरला. तिसऱ्या दिवशी ‘आजीच्या आठवणीतली’ लिहिलं. आठवणीला कुठे परवाना लागतो? नवऱ्याने प्रूफ पाहिलं, पुढून, आणि पहिल्यांदाच माझ्या लिहिण्याला मान डोलावली. ‘भूक लागली,’ म्हणाला.

आता आजी हवी होती. वन्संच्या सासूबाई बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या, केस आखूड, सकाळी पंजाबी ड्रेस घालून सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारतात. चटणीची कृती सगळी त्यांचीच. पण छापखान्यातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, या आजी वाटत नाहीत.’ वन्सं रडकुंडीला आल्या. मग माझी नजर आमच्या स्वयंपाकघरात गेली. पांढराशुभ्र अंबाडा, मोठं कुंकू, काठाचं पातळ. मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला, शांतपणे ऐकून घेतलं.

‘अगो, पण मी जन्मात शेंगदाण्याची चटणी केलेली नाही. मला तर ती नीट आवडतही नाही.’

‘आई, ते पुढून कुणाला कळणार आहे?’

त्या क्षणभर विचारात पडल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘नथ घालू की नको? सोलापूरच्या बायका कोणती नथ घालतात ते आधी नीट विचारून घे हं. उगाच कोणी खोटं म्हणायला नको.’