केरातले टोमॅटो

आपल्याकडे घराची परीक्षा अंगणावरून होते. पहाटे झाडलेलं, सडा घातलेलं, उंबऱ्यापुढे रांगोळी असलेलं अंगण दिसलं की आत सगळं क्षेमकुशल. पाला साचलेला दिसला की एक तर घरात कोणी आजारी आहे, नाहीतर जावाजावांचं बिनसलंय, असा निष्कर्ष आळीत सकाळी आठच्या आत निघतो. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाने टोमॅटोच्या बुडाशी आपल्या हातांनी वाळका पाला पसरायचा, हे प्रकरण पुस्तकात वाटतं तितकं सोपं नसतं. पुस्तकात दोन-तीन इंच जाडीच्या थराचं लिहिलेलं असतं. आत्याचं काही लिहिलेलं नसतं.

आमच्या साताऱ्याच्या घरी आत्या आहे आणि आत्याच्या हातात खराटा आहे. संध्याकाळी मी वाफ्यात पसरलेला पाला सकाळी कोपऱ्यातल्या ढिगात जाऊन पडलेला असे. वाद घालायची सोय नव्हती, कारण आत्या वाद घालत नाही, झाडते.

“अरे, झाडाला कुणी केर घालतं का?”

“केर नाही आत्या, आच्छादन आहे ते.”

“असेल. दिसतंय केरासारखंच.”

मग मी मोठी माणसं मध्ये आणली. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर नैसर्गिक शेती शिकवतात, बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या जोडीला आच्छादन हा त्या शेतीचा एक खांबच आहे, आणि या कामासाठी २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मिळणारच,” ती म्हणाली, “पण त्यांच्या घरचं अंगण कोण झाडतं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मूळ भांडण खरं तर तणाशी. टोमॅटोचं रोप लावल्यावर पहिला महिना-दीड महिना तण वर चढलं की पुढे रोप कायमचं दबून राहतं, म्हणून त्या दिवसांत खुरपं हातातून सुटत नाही. आणि खुरपण्यात एक गंमत आहे. एक तण उपटताना आपण खालची माती वर आणतो, त्या मातीत वर्षानुवर्षं झोपलेलं बी असतं, आणि बारीक बियांच्या कितीतरी तणांना जागं व्हायला उजेडाची एक तिरीप पुरते. बी झोपतं तरी किती? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये २१ प्रकारच्या झाडोऱ्याचं बी वाळूत कालवून २० बाटल्यांत भरलं आणि पुरून ठेवलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि बी पेरून बघायचं. बील गेले, त्यांचे वारस गेले, बाटल्या आहेत. २०२१ मध्ये एक बाटली काढली, तर १४२ वर्षांनीही त्यातलं काही बी उगवलं. ती काढायला विद्यापीठातली भली माणसं पहाटेच्या अंधारात गेली होती, कारण बियांना उजेड लागू द्यायचा नव्हता. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या वाफ्यात तर अशा किती बाटल्या असतील, आणि आपण रोज खुरप्याने त्यांची बुचं उघडतोय. पाला हे बूच परत लावतो. बस, आच्छादनाचं निम्मं शास्त्र एवढंच.

आता ज्यांना दडपायचं ती मंडळी कोण, हे बघितलं की मामला नाजूक होतो. घोळ उपटून वाफ्यातच टाकली तर ती पडल्या जागी मुळं धरते. पण तिची भाजी होते, डाळ घालून उत्तम होते. हरळीचा एक तुकडा राहिला तरी महिन्याभरात वाफा तिचा; पण भाद्रपद लागला की तीच दूर्वा होते आणि तिच्यावर खुरपं चालवणं बरं दिसत नाही. आघाडा कपड्यांना चिकटतो, पण श्रावणात जिवतीला आघाडा हवाच. लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे नागरमोथा, तो दिवाळीच्या उटण्यात. माझ्या यादीत हे सगळे शत्रू, आत्याच्या यादीत सगळे पाहुणे. आमच्या दोघांचं एकमत फक्त गाजर गवतावर. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर गेलं. ते अंगाला लागलं की खाज सुटते. पुण्यातून निघाल्यामुळे स्वतःबद्दल त्याला जराही शंका नाही.

पाल्याचेही स्वभाव असतात. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजायचं नाव घेत नाही, म्हणून तण दाबायला चांगलं. गुलमोहराची पानं इतकी बारीक की वाऱ्याबरोबर गावभर जातात. बदामाचं पान मोठं आणि तांबूस, वाफ्यात पडलं तर शोभतंसुद्धा. खाली वर्तमानपत्राचे तीन-चार ओले थर आणि वर पाला, ही सगळ्यात पक्की रीत. ज्या अग्रलेखांनी सरकारचा एक सचिव हलला नाही, ते माझ्याकडे घोळीला महिनाभर डोकं वर काढू देत नाहीत. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचटही मुबलक. हेक्टरी आठ-दहा टन निघतं, पण तोड झाली की बऱ्याच जागी ते पेटवून देतात. रात्री फड पेटतो आणि सकाळी त्याची काळी काजळी आत्याच्या सारवलेल्या अंगणात उतरते. ती चिडून झाडते. “हे शेतातच राहिलं असतं तर त्याला आच्छादन म्हणाले असते,” असं मी एकदा बोललो. त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

नारायणगाव-जुन्नरकडचे शेतकरी पाल्याच्या भानगडीत पडत नाहीत, ते मल्चिंग पेपर अंथरतात. वर चंदेरी, खाली काळा, पंचवीस-तीस मायक्रॉनचा. काळ्या बाजूने उजेड अडतो, चंदेरी बाजूच्या चकाकीने मावा आणि पांढरी माशी गोंधळतात. एकरांच्या हिशेबात तेच शहाणपणाचं. पण लव्हाळ्याचा कोंब त्यालाही भोक पाडून वर येतो. तणांच्या एका जगप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाने १९७७ मध्ये त्याला जगातलं सर्वांत वाईट तण ठरवलं. तुकोबांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचं कौतुक केलं खरं, पण त्यांच्याकडे टोमॅटो नव्हते.

टोमॅटोला पाला मानवतो त्याचं कारण तणापुरतं नाही. पावसाचे किंवा नळीचे थेंब उघड्या मातीवर आपटून खालच्या पानांवर उडतात आणि मातीतला करपा त्यांच्याबरोबर वर चढतो. पाला ते उडणं थांबवतो. ओलही टिकते, आज कोरडं, उद्या चिखल असं झालं की टोमॅटो तडकतो, नाहीतर बुडाशी काळा पडतो. मात्र पाला खोडाला टेकवायचा नाही, चार बोटं जागा सोडायची. नाहीतर खोड कुजतं, आणि पावसाळ्यात गोगलगायी मुक्कामालाच येतात.

आत्याशी तह झाला तो विटांमुळे. वाफ्याभोवती मी विटा लावल्या, चुन्याने पांढऱ्या केल्या. विटांच्या बाहेर अंगण, आत शेत. शेतात काय पडलंय याच्याशी खराट्याला देणंघेणं नाही, हे आत्याने लगेच मान्य केलं आणि विटांलगत रांगोळीची वेलही काढली. आता वाफा कुणालाही कचऱ्याचा वाटत नाही. आत कचराच आहे.

उरला प्रश्न पाल्याचा. माझ्या एका पेरूचा पाला किती पुरणार? शेजारच्या काकांकडे आंबा आणि बदाम. आधी ते पाला पेटवत आणि धूर आमच्याकडे येई. आता पोतं भरून देतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला तेव्हा करार झाला: एक पोतं पाला, एक किलो टोमॅटो. मग बाजार पडला. मंडईबाहेर ढीग लागले तशी काकांनी भाषा बदलली. “टोमॅटो राहू दे, पाल्याचा भाव आता रुपयांत ठरवू.” मी नकार दिला, ते पोतं घेऊन परत निघाले, तेवढ्यात आत्या मध्ये पडली. काकूंना घोळीची भाजी आवडते, हे तिला ठाऊक होतं. अर्धा किलो टोमॅटो आणि एक जुडी घोळ, असा सौदा तिने जागच्या जागी तोडला.

घोळ द्यायची तर ती उगवायला हवी. म्हणून वाफ्याचा पूर्वेकडचा कोपरा आता मोकळा ठेवलेला आहे, आणि तिथे पानही पडू द्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.